थॉर्नटन यांची आकृती वाचताना

स्पटरिंगने, म्हणजे आयनांच्या माऱ्याने अणू उडवून, धातूचे थर बसवणाऱ्या प्रत्येकाने जॉन थॉर्नटन यांची 1974 सालची आकृती कधी ना कधी पाहिलेली असते. पण ती नुसती पाहून सोडू नये, सावकाश वाचावी.

आकृतीच्या तळाशी दोन अक्ष आहेत, तापमानाचा आणि आर्गॉन वायूच्या दाबाचा. त्यांच्यावर थराचा उभा छेद चार विभागांत रेखाटला आहे.

पहिली खुबी तापमानाच्या अक्षात आहे. तिथे अंश नाहीत, गुणोत्तर आहे: ज्यावर थर बसतो त्या पृष्ठभागाचं तापमान भागिले धातूचा द्रवणांक, दोन्ही केल्विनमध्ये. 300 केल्विनला हे गुणोत्तर ॲल्युमिनियमसाठी 0.32 येतं, तर टंगस्टनसाठी जेमतेम 0.08. म्हणून एकाच खोलीत, एकाच तापमानाला ॲल्युमिनियमचे अणू पृष्ठभागावर हिंडून जागा शोधतात आणि टंगस्टनचे जवळजवळ पडतील तिथेच थिजतात. गुणोत्तराची ही कल्पना कीव्हच्या मोवचान आणि देमचिशिन यांची. बाष्पीभवनाने केलेल्या थरांचे तीन विभाग त्यांनी 1969 मध्ये मांडले होते.

थॉर्नटन यांची स्वतःची भर म्हणजे दाबाचा अक्ष, 1 ते 30 मिलिटॉरचा. दाब कमी असला की टार्गेटवरून, म्हणजे मूळ धातूच्या तुकड्यावरून, उडालेला अणू फारशा टकरा न होता, आपली ऊर्जा राखून पोहोचतो. दाब वाढला की तो वायूत धडकत, ऊर्जा गमावत, तिरपा येतो. तिरप्या अणूंना पृष्ठभागावरचे उंचवटे अडवतात. शेतात उंच ताटांच्या सावलीत धाकटी रोपं खुरटतात, तसे मधले खळगे उपाशी राहतात आणि उंचवटे वाढत जातात. यातूनच पहिला विभाग घडतो: घुमटासारख्या माथ्यांचे निमुळते स्तंभ आणि त्यांच्यामध्ये पोकळ्या. दाब वाढवला की या विभागाची सीमा अधिक तापमानाकडे सरकते. आकृतीतली ही तिरकी रेघ मला सर्वांत बोलकी वाटते.

पहिल्या आणि दुसऱ्या विभागांच्या मध्ये थॉर्नटन यांनी ‘टी’ हा संक्रमण विभाग ओळखला. त्यात तंतूंसारखे बारीक कण दाटीने बसतात आणि पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. दुसऱ्या विभागात पृष्ठीय विसरणामुळे घट्ट सांध्यांचे स्तंभ तयार होतात. तिसऱ्यात घन धातूच्या आतलं विसरण जोर धरतं आणि कण नव्याने घडतात.

आकृतीला मर्यादा आहेत. आयनांचा मारा तिच्यात स्वतंत्र अक्ष म्हणून येत नाही. आंद्रे आंडर्स यांनी 2010 मध्ये या माऱ्याच्या ऊर्जेला जागा देणारी सुधारित आकृती मांडली. तरीही थर ठिसूळ किंवा सच्छिद्र निघाला की आधी तापमान आणि दाब तपासावा, ही शिस्त थॉर्नटन यांच्या आकृतीनेच लावली. इतक्या थोड्या रेषांत धातूच्या घडणीमागची इतकी कारणं सांगणारं चित्र पदार्थविज्ञानात विरळाच.