आभासी यंत्र आणि इंटरप्टचा हिशेब

संगणकविद्येत काही प्रश्न असे आहेत की त्यांची उत्तरे वारंवार दिली जातात, परंतु ती कोणत्या मापाने मोजावयाची ह्याविषयी मात्र एकवाक्यता नसते. आभासी यंत्रातील इंटरप्ट त्वरेने कसा हाताळावा, हा प्रश्न त्याच जातीचा होय. ह्या विषयावरील २००१, २०११ व २०१२ सालचे तीन निबंध पुढे ठेवून, प्रत्येकाने कोणाचा वेळ वाचविला आणि त्याचा भार कोणाच्या खाती टाकला, एवढेच पाहण्याचा येथे हेतू आहे.

प्रथम मूळ अडचण ध्यानी घेतली पाहिजे. जाळ्याचे कार्ड किंवा डिस्क आपले काम झाले की इंटरप्ट पाठविते. प्रोसेसर हातचे काम सोडून कर्नेलमधील ड्रायव्हरकडे वळतो. साध्या यंत्रात ह्याचा त्रास मर्यादित असतो. आभासी यंत्रात मात्र इंटरप्ट आला की पाहुण्या प्रणालीच्या हातून सत्ता सुटून ती यजमानाकडे जाते. यजमान इंटरप्टची ओळख पटवितो, त्याची प्रतिकृती तयार करतो आणि ती पाहुण्याच्या स्वाधीन करतो. पाहुण्याने काम उरकल्याची पोच दिली की रूढ पद्धतीत सत्ता पुन्हा यजमानाकडे जाते. प्रत्येक फेरीत प्रोसेसरची स्थिती जपून ठेवावी लागते आणि कॅशमधील उपयुक्त मजकूर विस्कटतो. एका सूचनेपायी सीमा अनेकदा ओलांडावी लागते, हेच ह्या दुखण्याचे मूळ.

जेरेमी शुगरमन, गणेश वेंकटाचलम व बेंग-हाँग लिम ह्यांचा २००१ चा निबंध व्हीएमवेअर वर्कस्टेशनविषयी आहे. तेथे यजमानाच्या कर्नेलमधील एक ड्रायव्हर दोन ‘जगां’मध्ये प्रोसेसरची संपूर्ण अदलाबदल करतो, पाहुणा चालू असताना आलेला प्रत्येक खरा इंटरप्ट ही अदलाबदल घडवून आणतो. लेखकांनी योजिलेल्या उपायांपैकी एक विशेष मार्मिक आहे. अदलाबदली वारंवार होत असतील, तर बाहेर जाणारे संदेश रोखून धरावयाचे आणि पुढचा इंटरप्ट जी अदलाबदल करणारच आहे, तिच्यासोबत ते पाठवावयाचे. गाडी निघणारच असेल तर टपाल तिच्यातच टाकावे, असा हा व्यवहारी विचार आहे. वेळ नेमका कोठे खर्च होतो ह्याची फोड करून मगच लेखक उपायाकडे वळतात, हा ह्या निबंधाचा मोठा गुण होय. परंतु त्याचे मुख्य माप वहन आणि प्रोसेसरचा व्यय हे आहे. रोखलेल्या संदेशाने किती वाट पाहिली, ही बाब दुय्यम राहते.

ह्याच बाबीला इरफान अहमद, अजय गुलाटी व अली मश्टिझादेह ह्यांच्या २०११ च्या निबंधात मध्यवर्ती स्थान मिळाले आहे. अनेक पूर्ततांची मिळून एकच सूचना द्यावी, ही कल्पना जुनीच. तिच्यातील धोका एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखादा कार्यक्रम डिस्ककडे एक मागणी करतो आणि उत्तर आल्यावाचून दुसरी करीत नाही. उत्तरास १०० मायक्रोसेकंद लागतात व सूचना आणखी १०० मायक्रोसेकंद अडविली, तर कार्यक्रमाची गती निम्मी होते. आणि जोडीला येणारी दुसरी पूर्तता मुळात नसल्यामुळे इंटरप्ट एकही वाचत नाही! म्हणून हे लेखक घड्याळावर विसंबत नाहीत. पाहुण्याच्या किती मागण्या अपुऱ्या आहेत आणि मागण्यांचा वेग काय आहे, हे पाहून ते एकत्रीकरणाचे प्रमाण ठरवितात. मागण्या थोड्या असतील तर सूचना तत्काळ देतात. त्यांनी नोंदविलेला लाभ लहान चाचण्यांत १८ टक्क्यांपर्यंत आणि टीपीसी-सी ह्या व्यवहार-चाचणीत ५ टक्क्यांपर्यंत आहे. आकडे नम्र आहेत. परंतु कोणाचे नुकसान होऊ शकते हे आधी ओळखून केलेली ही रचना असल्यामुळे, प्रस्तुत लेखकाच्या मते, तिघांत तिचे मोल अधिक आहे. ही पद्धत डिस्कपुरतीच खरी, हेही लेखक लपवीत नाहीत: जाळ्यावरून अनाहूत संदेश येतात, तेथे ‘अपुऱ्या मागण्या’ मोजता येत नाहीत.

एबल गॉर्डन, नदाव अमित, डॅन त्साफ्रिर व त्यांचे सहकारी ह्यांनी २०१२ मध्ये ‘ईएलआय’ ही योजना मांडताना निराळाच मार्ग धरिला. इंटरप्ट कमी करण्याऐवजी त्यांनी यजमानालाच वाटेतून दूर केले. पाहुण्याला सोपविलेल्या उपकरणाचे इंटरप्ट थेट त्याच्याकडे जातात. बाकीच्यांची नोंद इंटरप्टच्या कोष्टकात ‘अनुपस्थित’ अशी केलेली असते. त्यामुळे ते आले की अपवाद उद्भवून सत्ता यजमानाकडे परतते. वहन व विलंब ह्या दोहोंत १.३ ते १.६ पट सुधारणा आणि उघड्या यंत्राच्या ९७ ते १०० टक्के कार्यक्षमता, हे त्यांचे फलित खरोखर स्पृहणीय आहे. तथापि उपकरण पाहुण्याला सोपविलेले असावे आणि इंटरप्ट येताना तो पाहुणा त्या गाभ्यावर चालू असावा, ह्या अटी ह्या फलितामागे उभ्या आहेत. एकाच गाभ्यावर अनेक पाहुणे नांदत असतील, तर अनुपस्थित पाहुण्याचा इंटरप्ट यजमानालाच झेलावा लागणार. इंटेलने पुढे प्रोसेसरमध्येच ‘पोस्टेड इंटरप्ट’ची सोय केली, तेव्हा ह्या विचाराची दिशा बरोबर होती असे ठरले, तरी निजलेल्या पाहुण्याला जागविण्याचे काम यजमानाकडून सुटले नाही.

इंटरप्ट पूर्णपणे बंद करून ड्रायव्हरने सतत पाहणी करावी, असेही कोणी सुचवील. अतिभारात प्रोसेसरचा सारा वेळ इंटरप्टमध्येच जाऊन उपयुक्त काम ठप्प होते, हे मोगल व रामकृष्णन ह्यांनी १९९६ मध्येच दाखविले होते, आणि त्यावर पाहणीची जोड हा उतारा आहे. परंतु भार नसतानाही पाहणी करीत राहणारा पाहुणा जो गाभा अडवितो, तो दुसऱ्या पाहुण्याच्या कामी आला असता. पाहुण्याच्या आत बसून मोजणाऱ्यास हा खर्च दिसतच नाही.

ह्यावरून एक निकष हाती येतो. वाचलेल्या इंटरप्टची संख्या हे यशाचे प्रमाण नव्हे. ते केवळ साधनाचे वर्णन आहे. आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत ‘इंटरप्ट निम्मे झाले’ एवढ्यावर समाधान मानले जाऊ नये. एकाच अपुऱ्या मागणीच्या वेळचा विलंब, विलंबाचा मध्यक आणि नव्व्याण्णवावा शतांशक, यजमानाकडे खर्च झालेला वेळ आणि गाभा राखीव होता की सामायिक, ह्या चार गोष्टी प्रत्येक मापनासोबत दिल्या गेल्या पाहिजेत. त्या दिल्यावाचून ड्रायव्हर सुधारला की त्याचा खर्च शेजाऱ्याच्या दारी गेला, ह्याचा निर्णय परीक्षकाला करता येणार नाही.