प्रकाशसंवेदी रेणू-स्विच व धातू-आयन : संगणकीय अभ्यासाची चिकित्सा

प्रस्तावना

प्रकाश पडताच ज्यांची रचना बदलते व पुन्हा पूर्ववत होऊ शकते, अशा रेणूंना प्रकाशसंवेदी रेणू-स्विच म्हणतात. स्पायरोपायरान हे त्यांपैकी परिचित उदाहरण होय. अतिनील किरणांनी त्याचे वलय उघडून मेरोसायनीन हे रंगीत रूप तयार होते. त्यातील ऋणप्रभारित ऑक्सिजन धातू-आयनास धरून ठेवतो. दृश्य प्रकाशात वलय मिटते व आयन मुक्त होतो. पाण्यातील धातू ओळखण्याची आशा या गुणधर्मावर आधारलेली आहे. कोणता रेणू कोणत्या आयनाची निवड करील, हे आता संगणकावर ठरविले जाते. म्हणून त्या निष्कर्षांची चिकित्सा आवश्यक ठरते.

विवेचन

अशा अभ्यासांत डेन्सिटी फंक्शनल पद्धतीने संकुलाची ऊर्जा काढून तीतून रेणू व आयन यांच्या ऊर्जा वजा करतात. ज्या आयनाचे बंधन अधिक घट्ट, त्याचीच रेणू निवड करतो, असे मग मानले जाते. गणित बिनचूक असूनही हा निष्कर्ष फसवा ठरू शकतो. प्रकाशसंवेदी ॲझोबेंझीनला ज्यांची जोड दिली जाते, त्या क्राउन ईथरांचे उदाहरण येथे बोलके आहे. १८-क्राउन-६ पाण्यात सोडियमपेक्षा पोटॅशियमला अधिक पसंती देतो; वायुरूप अवस्थेत मात्र त्याचे सोडियमशी बंधन अधिक घट्ट असते. आयन लहान असल्यास विद्युत-आकर्षण प्रबळ, एवढेच त्यातून सिद्ध होते. ग्लेन्डेनिंग, फेलर व थॉम्पसन यांनी १९९४ मध्ये दाखविले की, आयनाभोवतीचे पाण्याचे मोजके रेणू विचारात घेताच गणितातही पोटॅशियमची निवड दिसू लागते. लहान आयनाला पाण्याचा सहवास सोडण्याची किंमतही मोठी मोजावी लागते.

ही किंमत किरकोळ नाही. जस्ताच्या द्विप्रभारित आयनाची जलयोजन-ऊर्जा प्रतिमोल सुमारे २००० किलोज्यूल आहे. तीत केवळ १ टक्का, म्हणजे २० किलोज्यूल त्रुटी राहिली, तरी २५ अंश सेल्सिअस तापमानाला बंधन-स्थिरांक सुमारे ३००० पटींनी चुकतो.

दुसरी उणीव स्विचसंबंधी आहे. उघड्या व मिटलेल्या रूपांच्या ऊर्जांची तुलना केली, तरी प्रकाशाने प्रत्यक्ष काय घडेल हे कळत नाही. ते उत्तेजित अवस्थेवर अवलंबून असते. शिवाय आयनाने मेरोसायनीन फार स्थिर केले, तर वलय मिटण्यासच अडथळा येतो. घट्ट बंधन हा येथे नेहमीच गुण ठरत नाही.

निष्कर्ष

संगणकीय पद्धत त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. संकुलाची रचना समजून घेण्यास आणि सारख्या रेणूंची एकाच आयनाशी तुलना करण्यास ती उपयुक्त आहे, कारण तेथे त्रुटी बऱ्याच अंशी परस्परांना छेदतात. परंतु निवडक्षमतेचा दावा करावयाचा असेल, तर पाण्याचा हिशेब आणि मोजलेल्या बंधन-स्थिरांकाशी पडताळणी अनिवार्य मानली पाहिजे. रंग बदलणाऱ्या या रेणूंसाठी ते मोजमाप साध्या वर्णपटमापीनेही करता येते.