आहेराची वही आणि तीन चित्रपट

लग्नमुंजीचे कार्य पार पडले की दुसऱ्या दिवशी घरातील जाणती व्यक्ती आहेराची वही घेऊन बसे. कोणाकडून पातळ आले, कोणाकडून भांडे, पाकिटात किती रुपये निघाले, याची नोंद तीत होई. पुढे त्यांच्या घरी कार्य निघाले की ती वही पाहून आहेर ठरे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांत ही वही म्हणजे विखुरलेल्या गोतावळ्याची यादीच होती. तेव्हा तिला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. परंतु भेट आणि दातृत्व या विषयांवरील कौटुंबिक चित्रपट पाहताना मला ती हटकून आठवते. पडद्यावर कोणी कोणाला काही देतो, तेव्हा दिग्दर्शक ती वही उघडून बसलेला असतो काय? मुलांना कोणता चित्रपट दाखवावा हे ठरवताना हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

या प्रकारातील एक गाजलेला अमेरिकन चित्रपट म्हणजे जॉर्ज सीटन यांचा ‘मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट’ (१९४७). न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानात सांता क्लॉज म्हणून नेमलेला वृद्ध गृहस्थ हवी ती वस्तू दुसऱ्या दुकानात मिळेल, असे गिऱ्हाइकांना सरळ सांगतो. एडमंड ग्वेन यांनी ही भूमिका अशी काही वठवली आहे की त्यांना मिळालेले ऑस्कर सार्थ वाटते. मात्र त्या प्रामाणिकपणाने गिऱ्हाईक दुरावत नाही, उलट खूश होते, आणि दुकान त्याचेच धोरण करून टाकते. सांतावर विश्वास न ठेवणाऱ्या छोट्या सूझनला हवे असते ते एक घर. शेवटी तिचा विश्वास बसतो आणि घर समोर उभे राहते. चित्रपट प्रसन्न आहे, व्यापारी वृत्तीला चिमटेही काढतो. पण येथे वही उघडीच आहे. चांगुलपणा जमेस धरला जातो आणि त्याची परतफेड चित्रपट संपण्यापूर्वी होते.

माजिद माजिदी यांच्या ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ (१९९७) या इराणी चित्रपटाचा मार्ग वेगळा आहे. बहिणीचे दुरुस्त करून आणलेले बूट अलीच्या हातून हरवतात. वडिलांची ओढग्रस्त दोघांनाही ठाऊक असते. म्हणून घरी काही न सांगता अलीचा एकच जोड दोघे वापरू लागतात. सकाळी झाहराची शाळा, दुपारी अलीची. पुढे झाहराला आपले बूट दुसऱ्या एका मुलीच्या पायांत दिसतात. भावंडे तिच्या घरापर्यंत जातात, तिचे वडील अंध आहेत हे पाहतात आणि एक शब्दही न बोलता मागे फिरतात. माझ्या मते संपूर्ण चित्रपटातील सर्वांत मोठे देणे हेच. ज्या मुलीला ते मिळाले तिला त्याची कल्पनाही नसते. काही दिवसांनी तिला नवे बूट मिळतात आणि जुने टाकून दिले जातात, म्हणजे त्यागाचे फळ कचऱ्यात जाते. हा प्रसंग ठेवण्याचे धैर्य फार थोड्या बालचित्रपटांत आढळेल.

धाकट्या भावासाठी खाऊचे पैसे साठवून कोट शिवून नेणारा साने गुरुजींचा श्याम ज्यांच्या घरात वाचला गेला, त्यांना अली परका वाटणार नाही. वडील मशिदीच्या चहासाठी आलेली साखर फोडत बसलेले असताना, समोर ढीग असूनही स्वतःच्या चहाला घरातील साखर मागतात. असा बाप उपदेशाची गरज ठेवत नाही.

दोषही सांगायला हवेत. अखेरची शर्यत मंदगतीच्या चित्रणाने फार ताणली आहे आणि मुलांच्या अश्रूंवर दिग्दर्शकाची भिस्त जरा जास्तच आहे. पण शेवट पाहावा. तिसऱ्या क्रमांकाच्या बक्षिसातील बुटांसाठी धावलेला अली पहिला येतो आणि म्हणूनच हरतो. वडिलांच्या सायकलवर नवे बूट घरी निघालेले आपल्याला दिसतात. मुलांना मात्र त्याचा पत्ता नसतो. भेट वाटेत असते आणि चित्रपट संपतो.

रस्किन बाँड यांच्या कथेवरून विशाल भारद्वाज यांनी केलेला ‘द ब्लू अम्ब्रेला’ (प्रदर्शन २००७) याहून अवघड प्रश्न विचारतो. ज्याने आपले चोरले त्याला देता येईल का? हिमाचलातील बिनिया गळ्यातील नख देऊन निळी जपानी छत्री मिळवते. दुकानदार नंदकिशोर खत्रीला तिचा असा हव्यास लागतो की तो ती चोरवतो आणि लाल रंगवून मिरवतो. पावसात रंग उतरतो, गाव त्याला वाळीत टाकते. शेवटी बिनिया छत्री त्याच्या दुकानात मुद्दाम ठेवून जाते. पंकज कपूर यांनी खत्रीचा हावरेपणा आणि एकाकीपणा इतका जिवंत केला आहे की बिनिया झाकोळते. तिचे मन कसे पालटले हे पुरेसे उलगडत नाही. तरीही या देण्यात काही मिळवण्याचा हेतू नाही. न्याय झालेला असतो, छत्री परत आलेली असते. मात्र एका माणसाला गाव मुकले आहे, हे त्या मुलीलाच कळते.

अमेरिकन चित्रपट मुलांना सांगतो, चांगले वागा, मिळेल. उरलेले दोन तसे काही कबूल करीत नाहीत. आपल्या मुलांना कोणते आश्वासन द्यावे याचा निर्णय ज्याने त्याने करावा. वही ठेवल्यावाचून नाती टिकत नाहीत, हा आपल्या वडीलधाऱ्यांचा अनुभव खोटा नव्हे. पण त्याच घरांत शेजारून आलेले भांडे रिकामे परत जात नसे, आणि त्यात काय घातले हे कोणी लिहून ठेवत नसे. मुलांना या दुसऱ्या रीतीची ओळख व्हावी असे वाटत असेल, तर घरातल्या सर्वांनी एकत्र बसून ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ पाहावा, आणि तो संपल्यावर लगेच तात्पर्य सांगू नये.