ट्रॉलीचा लिव्हर आणि माहितीपुस्तकातलं गप्प पान

सडक अर्जुनीतल्या धानाच्या लहान बांध्यांत मिनी ट्रॅक्टर सोयीचा. पण संशोधनासाठी एका मॉडेलचं माहितीपुस्तक वाचलं आणि ट्रॉलीच्या हायड्रॉलिक लिव्हरपाशी अडलो. मागे ओढला की ट्रॉली वर, पुढे ढकलला की खाली, बस्स, एवढंच!

खरी गोष्ट वेगळी आहे. ट्रॉलीचा जॅक बहुधा एकेरी असतो: तेल वर उचलतं, खाली आणतं ते वजन. म्हणजे इंजिन बंद असलं तरी लिव्हरला धक्का लागताच उचललेली ट्रॉली कोसळू शकते. आणि हा लिव्हर चढता-उतरता पाय लागेल असा, खटक्याविना!

आयएसओ ३७६७ मध्ये लिव्हरची चिन्हं ठरलेली आहेत. पण चिन्ह म्हणजे इशारा नव्हे. खटका बसवा, आणि ‘टेकू लावल्याशिवाय ट्रॉलीखाली जाऊ नका’ हे लिव्हरपाशीच मराठीत लिहा. मग ड्रायव्हरची चूक काढा.