‘वाटचाल’ आणि संवेग

महापरिनिब्बान सुत्तात तथागतांच्या जन्माचे, संबोधीचे, धम्मचक्रप्रवर्तनाचे व महापरिनिर्वाणाचे स्थान श्रद्धावंताने पाहावे असे सांगितले आहे. या चार स्थानांना पालीत ‘संवेजनीय’ अशी संज्ञा आहे. संवेग म्हणजे झोपलेल्या मनाला जागे करणारा हादरा. पवित्र वाटेवर पुन्हा चालणाऱ्या कलावंताची कृती तपासण्यास हा निकष उपयुक्त आहे, असे आम्हांस वाटते. आणि पंढरीची मध्ययुगीन वाट तर आपल्याच सोलापूर जिल्ह्यात येऊन संपते.

इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख ‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहात आहे. ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर त्या स्वतः चालल्या. एकाच दिंडीत एकच अभंग म्हणणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा स्त्रियांची जेवणे मात्र वेगळी, हे त्यांनी पाहिले. ते त्यांना सलले, आणि तो सल त्यांनी लपविला नाही. याउलट, २०११ सालच्या ‘पहावा विठ्ठल’मध्ये उद्धव ठाकरे यांनी हीच वारी आकाशातून टिपली. त्या चित्रांची भव्यता निर्विवाद आहे. परंतु उंचीवरून समुदाय दिसतो, पंगत दिसत नाही. जातिभेद गर्दीत नव्हे, पंगतीत राहतो.

तथापि, ‘वाटचाल’मधील पंगतीची रेषा ही दिंडीच्या आतली रेषा आहे. उंबरठ्याची रेषा पाहावयाची तर मंगळवेढ्याहून पंढरपूरला यावे लागेल. परंपरेनुसार तेथे गावकुसाची भिंत कोसळून चोखामेळा गेले, आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरी आणल्या. समाधी मिळाली ती महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी. म्हणजे मंदिराच्या बाहेर. ते मंदिर अस्पृश्यांना खुले झाले १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. पुढच्याच वर्षी बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. भक्तीने संत थोर ठरले, तरी अस्पृश्यता टळली नाही, हा अर्थ आम्ही त्या अर्पणात वाचतो.

म्हणून वारीला केवळ आनंदसोहळा म्हणून रंगविणारी कृती आम्ही अपुरी मानतो. ‘वाटचाल’ अर्ध्या वाटेपर्यंत का होईना, संवेगापर्यंत पोहोचते. तिचे मोल त्यातच आहे. उरलेली वाट चालणाऱ्या कलावंताने कळसाकडे पाहण्यापूर्वी त्या पायरीपाशी थांबावे.