इशारा डावलायला शिकवणाऱ्या सूचना

पवनानगरच्या शेतकऱ्याला आज सातबारा घरबसल्या मिळतो. सोय मोठीच आहे. आक्षेप आहे तो काही शासकीय संकेतस्थळे ब्राउझर सज्ज करण्यासाठी देतात त्या सूचनांवर. हे मूळ प्रमाणपत्र बसवा, इशारा आला तरी पुढे जा. कृती सांगितली जाते, कारण नाही.

ब्राउझर संकेतस्थळाची ओळख कशी पटवतो? संकेतस्थळ प्रमाणपत्र दाखवते. त्यावरील सह्यांची साखळी ब्राउझरच्या यादीतील एखाद्या मूळ संस्थेपर्यंत पोहोचावी लागते. यादीत एक संस्था वाढवली, की तिने ओळख दिलेल्या साऱ्यांवर आपण विश्वास ठेवतो. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे जुलै २०१४ मध्ये उघड झाले. विंडोजच्या यादीत भारताचे मूळ प्रमाणपत्र होते, त्यामुळे इंटरनेट एक्सप्लोरर ती खरी मानू शकत होता. फायरफॉक्सची यादी वेगळी. तिच्यात ते नव्हते, म्हणून तो बचावला.

तेव्हा सूचनेबरोबर कारण द्यायलाच हवे. शिक्षकांनीही वर्गात 'एचटीटीपीएस' दाखवून थांबू नये. फसव्या स्थळालाही ते मिळते. पत्त्यातील नाव अक्षर न् अक्षर वाचायला लावावे, आणि इशारा आला तर थांबायला शिकवावे.