वेदी, आवाज आणि अंगण: कॅथलिक चर्चच्या वास्तुकलेचा आढावा

जुने कॅथलिक चर्च लॅटिन मिस्सेसाठी, म्हणजे लॅटिन भाषेतील मुख्य उपासनेसाठी, बांधले जाई. धर्मगुरू भाविकांप्रमाणेच वेदीकडे तोंड करून उभा राही आणि शब्द न् शब्द लोकांच्या कानी पडावा, ही अपेक्षाच नसे. त्यामुळे लांबलचक दालन, टोकाला वेदी आणि तिच्यामागे भिंतभर सोनेरी कोरीवकाम ही रचना रूढ झाली. जुन्या गोव्यातील से कॅथेड्रल हा तिचा ठसठशीत नमुना. त्याचे बांधकाम १५६२ मध्ये सुरू झाले. आत पाऊल टाकताच नजर थेट मुख्य वेदीवर जाते. कमानदार छताखाली संथ गायन भरून राहते, पण बोललेले वाक्य घुमून अस्पष्ट होते.

पुढे अडचण झाली ती इथेच. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि मिस्सा लोकभाषेत होऊ लागली. वेदी भिंतीपासून सुटी झाली, धर्मगुरू लोकांसमोर आला. आता मराठी प्रवचन शेवटच्या बाकापर्यंत नीट पोहोचणे गरजेचे झाले. अनेक जुन्या चर्चमध्ये मूळ वेदीपुढे एक मेज मांडून आणि खांबांवर कर्णे टांगून वेळ भागवली गेली. भाविकाचे डोळे एकीकडे आणि कान दुसरीकडे, ही ओढाताण त्यातून आली.

नव्याने विचार झाला तो मुंबईतील दादरच्या पोर्तुगीज चर्चमध्ये. १५९६ मध्ये स्थापन झालेल्या या चर्चची आजची वास्तू वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९७०च्या दशकात उभी केली. एकच बंदिस्त दालन न बांधता त्यांनी उघडे चौक आणि छताखालच्या जागा एकमेकांत गुंफल्या. वर उंच काँक्रीटची छते आहेत, त्यांतून गरम हवा निघून जाते. सणाची गर्दी चौकात पसरली तरी उपासनेबाहेर पडत नाही. मुंबईच्या हवेला आणि नव्या मिस्सेला एकाच वेळी साजेल अशी ही मांडणी आहे. तिचा वारसा फारसा पुढे गेला नाही, ही या कलेची मोठी हानी आहे. त्याऐवजी सिमेंटच्या चौकटीवर गॉथिक कमानी चिकटवल्याने परंपरा साधत नाही. तिथे कमान कसलाच भार पेलत नसते.

१९६९ मध्ये भारतातील मिस्सेसाठी बारा अनुकूलने, म्हणजे स्थानिक रीतींशी जुळवून घेणारे बदल, मंजूर झाली. जमिनीवर बसणे, पादत्राणे बाहेर काढणे, कपाळ जमिनीला टेकवून करायचा पंचांग प्रणाम, आरती आणि तेलाचे दिवे यांना त्यांत स्थान मिळाले. पण घट्ट रोवलेल्या बाकांच्या दोन रांगांत पंचांग प्रणामाला जागा कुठली? परवानगी मिळाली, जमीन मोकळी झाली नाही.

सभागृहासारख्या आधुनिक चर्चची उणीव वेगळी आहे. तिथे सामूहिक प्रार्थना सुकर होते, पण पवित्र साक्रामेंताची पेटी कोपऱ्यात गेली की मिस्सेनंतर एकट्याने गुडघे टेकायला निवांत जागा उरत नाही. जुन्या चर्चमधील बाजूच्या छोट्या वेद्या ही गरज भागवत.

या उणिवा टाळून नवे चर्च बांधायला विदर्भासारखा भाग सोयीचा आहे. तिथला वाशीम जिल्हा १९५५ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात येतो. गोवा-वसईसारखा पोर्तुगीज वास्तूंचा वारसा या भागाला नाही, त्यामुळे नक्कल करण्याचे बंधनही नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यात जाड भिंती, खोल ओसरी, मोकळी फरशी आणि शेजारी प्रार्थनेची लहान खोली एवढ्यावरही चांगले चर्च उभे राहू शकते.